तालमीतून स्टुडिओत: आमची वाटचाल

बारा वर्षं मी कोल्हापूरच्या लाल मातीत काढली. पहाटे चारला जोर-बैठका, मग लढती, संध्याकाळी पुन्हा आखाडा. नारळावरच्या, म्हणजे जिंकणाऱ्याला नारळ मिळायच्या, कुस्त्यांपासून सुरुवात केली. पुढं जत्रांच्या मैदानांत इनामावर लढू लागलो आणि त्यातून खुराकाचा अर्धा खर्च निघायचा, उरलेला वडील भागवायचे. मग एका मैदानात गुडघा गेला. ऑपरेशन झालं, पण वस्तादांनी पुन्हा मातीत उतरू दिलं नाही.

मित्राचा जुना कॅमेरा हप्त्यानं घेतला आणि मैदानांच्या पोस्टरसाठी पैलवानांचे फोटो काढायला लागलो. डोक्यावर फेटा, खांद्यावर गदा, फुगवलेली छाती. त्या फोटोंवर आणि लग्नांच्या ऑर्डरींवर आमचं घर चाललं, आजही चालतं. पण त्या फोटोत पैलवान दिसतो, कुस्ती दिसत नाही, हे मला सलत होतं.

चितपटीचा क्षण सगळेच टिपतात. मला त्याच्या आधीचा हवा असतो. खडाखडीत, म्हणजे डाव टाकण्याआधी उभ्यानं एकमेकांना अजमावताना, कपाळाला कपाळ भिडलेलं असतं, एक हात मानेवर, नजर समोरच्याच्या पायावर. पटात, म्हणजे समोरच्याचे पाय धरायला, शिरणारा आधी वजन बदलतो. धोबीपछाड मारणाऱ्याची टाच कमरेच्या आधी वळते. ती टाच वळली की मी बटण दाबतो. हे मला कॅमेऱ्यानं शिकवलेलं नाही, पाठीवर पडून पडून कळलेलं आहे.

तालमीत मी फ्लॅश वापरत नाही. लहान खिडकीतून एका बाजूनं येणारा सकाळचा उजेड पुरतो, त्यात पाठीवरचा प्रत्येक स्नायू वेगळा उठतो. कलात्मक फोटो म्हणजे कृष्णधवल, असं अनेकांना वाटतं. मला ते पटत नाही. ताक, तेल, हळद, लिंबू मुरलेली ही माती. घामानं ओली झाली की काळपट होते, वाळली की विटकरी. तो रंगच काढून टाकला तर उरलं काय? कोल्हापूरच्या खासबाग कुस्ती मैदानात तर जागा निवडण्यातच निम्मं काम होतं. शाहू महाराजांच्या काळात, १९१२ मध्ये उभं राहिलेलं हे मैदान खोलगट आहे. वरून काढलं तर मातीवर फक्त दोन देह दिसतात, खाली बसून काढलं तर पाठीमागं माणसांची भिंत उभी राहते. ज्या गावात बाबूराव पेंटरांनी मूकपटांसाठी कॅमेरा घडवला, तिथं हे काम करताना मला बळ येतं.

ऑगस्ट २०१९ च्या पुरात दुकानात छातीभर पाणी होतं. प्रिंट गेल्या, प्रिंटर गेला. हार्ड डिस्क बायकोनं आदल्या रात्रीच माळ्यावर नेल्या होत्या, म्हणून बारा-तेरा हजार फोटो वाचले. पुढच्याच वर्षी टाळेबंदी, जत्रा बंद. तेव्हा ती अल्बमचं बाइंडिंग शिकली आणि तिच्या त्या कामावर आम्ही तरलो. आता स्टुडिओत आम्ही चौघं आहोत.

पहिली मोठी प्रिंट मी वस्तादांना नेऊन दिली होती. खडाखडीचा फोटो, तीन फुटी. चष्मा लावून त्यांनी बराच वेळ पाहिला आणि म्हणाले, "डावा पाय मागं राहिलाय ह्याचा." दुसऱ्या दिवशी पहाटे त्या पोराला त्यांनी फोटोसमोर उभं करून पाय दाखवला. तेव्हापासून दर महिन्याला तालमीतल्या पोरांचे असे फोटो आम्ही मोफत छापून देतो.