मुकाविरचे दगड

जॉर्डनच्या सहलीतले पेत्रा आणि वादी रमचे फोटो ग्रुपवर टाकलेच आहेत, ते चार दिवस इथे उगाळत नाही.

मग अल-मग्तास. येशूचा बाप्तिस्मा झाला ती यार्देन म्हणजे जॉर्डन नदीकाठची जागा, 2015 पासून युनेस्कोच्या यादीत. मी मनात गंगेचं पात्र घेऊन गेले होते. समोर ओढ्याएवढं गढूळ पाणी. पलीकडच्या काठावर पांढऱ्या झग्यांतली माणसं गात डुबक्या मारत होती आणि नदीच सरहद्द असल्याने जवळच बंदूकधारी सैनिक. गाइडने घाई करून आम्हाला परत बसमध्ये कोंबलं. चिडचिड झाली. बाप्तिस्मा देणाऱ्या योहानाचं पुढे काय झालं, याबद्दल तर अवाक्षर नाही.

ठाण्यात मासुंदा तलावाजवळच्या सेंट जॉन द बाप्टिस्ट चर्चवरून मी वर्षानुवर्षं शाळेत गेले. हा जॉन म्हणजेच योहान कोण, असं कधी कुणाला विचारलं नाही. ती उधारी फेडायला दुसऱ्या दिवशी मुकाविर गाठलं, तिथे डोंगरावर जुन्या किल्ल्याचे अवशेष आहेत. "दगड आहेत नुसते, मॅडम," ड्रायव्हर मादबा शहरापासून बजावत होता.

खरंच दगडच. परत उभे केलेले दोन खांब, खाली मृत समुद्र, आणि ओढणी उडवून नेईल असा वारा. तेव्हाचा इथला शासक हेरोद अंतिपा, त्याने योहानाला इथेच मारलं, असं इतिहासकार योसेफस लिहितो. बायबलमधल्या शुभवर्तमानांत किल्ल्याचं नाव नाही. उतारावर गुहा आहेत. एकीत डोकावले तर शेळ्यांच्या लेंड्यांचा वास.

"माझ्यामागून येणारा माझ्याहून थोर" असं नदीकाठी ठणकावून सांगणारा हा अग्रदूत. त्यानेच तुरुंगातून शिष्यांकरवी येशूला विचारलं : येणारा तो तारणारा तूच, की आम्ही दुसऱ्याची वाट पाहू? उत्तर आलं : आंधळे पाहतात, पांगळे चालतात, मेलेले उठतात. नासरेथच्या सभास्थानात येशूने यशया संदेष्ट्याचा उतारा वाचला होता, त्यात बंदिवानांची सुटकाही होती. या निरोपात नेमकी तीच नाही. योहानाच्या ते लक्षात आलंच असणार. त्या लेंड्यांच्या वासात उभी राहून मला एकदम रडू फुटलं. मी ख्रिस्ती नाही, तरी.

वरच्या रखवालदाराने पुदिन्याचा, पाकासारखा गोड चहा दिला. "याह्या," तो गुहांकडे बोट दाखवून म्हणाला. कुराणातलं योहानाचं नाव. पैसे काही केल्या घेतले नाहीत.

खाली ड्रायव्हर गाडीत घोरत होता. काच तीनदा वाजवली, तेव्हा उठला.