बंद दारामागची आजी

मालिका लिहिणाऱ्याला खरी धास्ती असते ती बँक संपण्याची. बँक म्हणजे शूट होऊन तयार असलेले, पण अजून दाखवले न गेलेले भाग. १९ मार्च २०२० पासून चित्रीकरणं थांबली, आमची बँक बघता बघता संपली आणि चॅनलवर जुनेच भाग फिरू लागले. ३१ मेला राज्य सरकारने नियमावली काढली, तेव्हा कुठे ठाण्यात घोडबंदर रोडवरच्या शूटिंगच्या बंगल्यांत पुन्हा हालचाल सुरू झाली. सेटवर माणसं कमी, गळाभेट बंद आणि पासष्टीपुढच्या कुणालाही प्रवेश नाही.

मराठी मालिकेतून पासष्टीपुढची माणसं काढायची म्हणजे घरातून देवघर काढण्यासारखं आहे. आमची आजी करणाऱ्या ताई मात्र बिनधास्त होत्या. प्रॉडक्शनच्या कागदावर त्यांचं वय त्रेसष्ट होतं आणि आमच्या क्षेत्रात बाईला वय विचारायची पद्धत नाही. शूटच्या आदल्या रात्री सगळ्यांची आधार कार्डं मागवली गेली. ताईंच्या कार्डावर अडुसष्ट निघाले.

सकाळी सातला ईपीचा, म्हणजे एक्झिक्युटिव्ह प्रोड्युसरचा फोन. "आजी नाही. दुपारनंतरचा सीन बदलून दे."

दुपारनंतरचा सीन म्हणजे आजी धाकट्या सुनेच्या हातात तिजोरीच्या किल्ल्या देते तो. सगळा ट्रॅक, म्हणजे कथेचा तो धागा, त्याच्यासाठी बांधत आणलेला. एरवी कथा एकाची, पटकथा दुसऱ्याची आणि संवाद माझे अशी वाटणी असते. पण पटकथाकार गावी अडकलेला, रेंजसाठी टेकडीवर चढायचा, म्हणून त्या दिवशी दोन्ही माझ्याच गळ्यात.

साडेसातला कॉन्फरन्स कॉल. चॅनलकडून कथेवर लक्ष ठेवणारी क्रिएटिव्ह म्हणाली, आजीला काशीला पाठवू. मी विचारलं, कशाने? गाड्या बंद आहेत. त्यावर ती म्हणाली, "आपल्या मालिकेत कोरोना आहे का पण?" सगळे गप्प. हे तोवर कुणी ठरवलंच नव्हतं. कोरोना आहे म्हटलं तर सगळ्यांना मास्क लावावे लागणार आणि नटांचे चेहरे जाणार. नाही म्हटलं, तर ज्या बाईच्या परवानगीशिवाय घरात लोणच्याची बरणी उघडत नाही, ती अचानक गेली कुठे? शेवटी ठरलं, कोरोना नाही. लोक दिवसभर तेच बघतात, अर्धा तास तरी त्यांना दुसरं काही द्यावं. मला ते पटलं होतं, आजही पटतं.

मग कुणीतरी सहज म्हणालं, "फोटोला हार घालू." टीव्हीत हे फार सहज बोललं जातं. पण नटाला पैसे दिवसावर मिळतात, तेही नव्वद दिवसांनी. हार घातलेल्या माणसाला पुन्हा बोलावता येत नाही. चार महिने घरी बसलेल्या बाईचं काम मी एका ओळीत संपवणार नव्हते. तसं सांगितलं, आणि अकरापर्यंत सीन देते म्हणून फोन ठेवला.

आजी घरातच हवी, पण दिसायला नको. आजारी पाडली तर डॉक्टर, सलाईन, भोवती गोळा झालेलं घर दाखवायला लागतं आणि तेवढी माणसं सेटवर नव्हतीच. मौनव्रत दिलं तर आवाजही गेला. मग रुसवाच उरला. पण रुसायला कारण लागतं, आणि ते त्या किल्ल्यांतच होतं. थोरल्या मुलाने आजीला न विचारता किल्ल्या परस्पर धाकट्या सुनेला देऊन टाकल्या, असं केलं. आता सुनेकडे किल्ल्या आल्या, पण आजीच्या हातून आल्या नाहीत. आधीच्या सीनमध्ये ट्रॅक संपत होता, आता तो सुरू होत होता.

मी झरझर लिहिलं. सून बंद दाराबाहेर लसूण सोलत बसलेली, आतून आजीचं दीड पानांचं भाषण: या घरात मी काय काय सोसलं वगैरे. ताईंना व्हॉट्सअॅपवर पाठवलं. त्या घरूनच मोबाइलवर आवाज रेकॉर्ड करून देणार होत्या.

पाच मिनिटांत त्यांचा फोन. "अगं, एवढं बोलायचं असतं तर ती बाहेर नसती का आली? रुसलेली बाई भांडत नाही. भांडली की रुसवा मोडला."

दीड पान तिथेच गेलं. सोसण्याचं सगळं मी सुनेच्या तोंडी टाकलं, तेही आजीच्या बाजूने बोलताना. आतून फक्त जेवणाबद्दलची वाक्यं ठेवली. सून म्हणते, "आई, ताट ठेवलंय." बऱ्याच वेळाने आतून येतं, "वरणाला हिंग कमी आहे." म्हणजे बाई जेवलीय, चव घेतलीय आणि हरलेली नाही. इतकं त्या दीड पानात नव्हतं.

एका वाक्यावरून मात्र आमचं जुंपलं. सीनच्या शेवटी आजीने म्हणावं, "किल्ल्या पदराला बांधू नकोस, हरवशील," असं मी लिहिलं होतं. ताई म्हणाल्या, हे तुझं वाक्य आहे, तिचं नाही. मी म्हटलं, प्रेक्षकाला काहीतरी द्यायला हवं. शेवटी त्या वाक्यासह आणि वाक्याशिवाय, दोन्ही रेकॉर्ड केलं. दिग्दर्शकाने माझं ठेवलं. ताईंना ते कधीच आवडलं नाही.

रेकॉर्डिंग त्यांनी पंखा बंद करून, कपाटातल्या साड्यांकडे तोंड करून केलं. घुमत नाही म्हणे. मधेच शेजारच्या घरात कुकरची शिट्टी झाली. पुन्हा करते म्हणाल्या, पण दिग्दर्शकाने तोच टेक घेतला. घर आहे, शिट्टी होणारच.

सेटवर वेगळीच अडचण. दार किलकिलं होऊन एक हात ताट आत घेतो असं लिहिलं होतं. हात कुणाचा? असिस्टंट मुलीच्या हातात बांगड्या भरल्या, मेकअप दादांनी सुरकुत्या काढल्या, पण कॅमेऱ्यात तो विशीचाच दिसत राहिला. शेवटी हात काढून टाकला आणि भरलेल्या ताटावरून थेट रिकाम्या ताटावर कट घेतला. प्रॉपर्टीवाल्याने, म्हणजे सेटवरच्या वस्तू सांभाळणाऱ्याने, फोन करून विचारलं, "मॅडम, रिकामं म्हणजे किती रिकामं?" मी सांगितलं, भात संपलेला, वरण तसंच.

जुलैच्या मध्यावर नवे भाग सुरू झाले आणि चॅनलला ते दार इतकं आवडलं की उघडू नका असा निरोप आला. मग मी आतून खोकला लिहिला, पोथी लिहिली, एकदा तर नुसता काठीचा आवाज. ७ ऑगस्टला मुंबई उच्च न्यायालयाने पासष्टीची अट रद्द केली. इतर व्यवसायांत अशी सरसकट बंदी नसताना कलाकारांवरच का, असा मुद्दा होता. ताईंनी त्याच संध्याकाळी तारखा विचारल्या.

हिशोब लागला तेव्हा प्रश्न आला, आवाजाचा दिवस हा दिवस धरायचा की नाही? अकाउंट्सकडे त्याला रकानाच नव्हता. बरीच घासाघीस होऊन अर्ध्या दिवसाचे पैसे ठरले. ताईंनी मला फोन करून सांगितलं, "पुढच्या वेळी तोंडासकट रुसव. पूर्ण दिवस मिळतो."