कंडक्टरीणबाईच्या जागेवर

आमची मंडळी माघात देवाघरी गेली. तिनं दिवाळीनंतरच दिंडीची भिशी भरून ठेवली होती, म्हणून दिंडीवाले महाराज भेटायला आले तवा ते पैसे परत करायला लागले. मी म्हणलं राहू द्या महाराज, तिच्या जागी मी येतो. सूनबाई म्हणल्या मामा तुमचे गुडघे? म्हणलं एसटीत उभ्यानं नोकरी केलेले गुडघे हायत, पंढरपूरपर्यंत जातील.

मी कंडक्टर होतो. आषाढी म्हणजे आम्हाला देव नाही, ड्युटी. जादा गाड्या, टपापर्यंत माणसं. ही पैठणहून नाथांच्या पालखीसंगं पायी निघायची अन् मी एकादशीच्या तोंडाला गाडी घेऊन पंढरपुरात. आमच्या मराठवाड्याच्या गाड्या भीमा यात्रा स्टँडवर लागायच्या, तिथं ती मला शोधत यायची, कपाळाला बुक्का लावायची, "जेवलात का" विचारायची, की निघाली परत बायांबरोबर. एवढीच आमची वारीतली भेट. रिटायर झाल्यावर जाता आलं असतं पण पेरणी आडवी यायची, अन् खरं सांगायचं तर तिनंही कधी चला म्हणलं नाही.

ज्येष्ठ वद्य सप्तमीला पैठणहून प्रस्थान झालं. पयले दिवस ऊन नुसतं, पावसाचा पत्ता नाही, डांबरी तापलेली. मला वाटलं होतं की आपण बसून तिची आठवण काढत चालू, तसं काही होत नाही हो, चालताना माणूस फक्त पाणी कुठं अन् सावली कुठं एवढंच बघतो. संध्याकाळी पाल ठोकलं, हरिपाठ झाला, पिठलं भाकरी पोटात गेली की मग डोकं चालू होतं.

दिंडीतल्या बाया मला कंडक्टर मामा म्हणायला लागल्या. मी कुणाला काय करत होतो ते सांगितलंच नव्हतं. मग कळलं की हिला तिथं सगळे कंडक्टरीणबाई म्हणायचे, नावानं कुणीच नाही. घरी ही कमी बोलणारी. बाहात्तरच्या दुष्काळात पोरवयात आईबरोबर खडी फोडायला गेलेली, सुकडीवर दिवस काढलेले, त्यामुळं बोलण्यापेक्षा हात चालवायची सवय. माझी नाइट आऊट, म्हणजे गाडीसंगं बाहेर मुक्काम, असली की दोन पोरं, म्हैस, सासूबाईचं दुखणं सगळं एकटीवर, पण तक्रार म्हणून मी कधी ऐकली नाही, ऐकायला मी घरी होतो कुठं म्हणा.

रायमोहा सोडल्यावर गारमाथ्याची चढण लागते. बालाघाटाचा डोंगर तो, रथ वर न्यायला सगळे हात लावतात. तिथं माझ्या टाचेला हा एवढा फोड आला. एक म्हातारी माळकरी मावशी बसली समोर, माझा पाय सरळ मांडीवर घेतला, मी संकोचलो तर म्हणली गप बसा. सुईत काळा दोरा ओवला, सुई फोडाच्या या बाजूनं घालून त्या बाजूनं काढली अन् दोरा तसाच आत ठेवून दोन्हीकडं बोटभर सोडून कापला. कातडं काढायचं नाही, पाणी दोऱ्यावाटं आपोआप झिरपतं, रात्रीतून फोड बसतो. वर एरंडेल. म्हणली, हे तुमच्या घरच्यांनी शिकवलं बरं का, अर्ध्या दिंडीचे पाय त्यांनी शिवलेत. घरी गोधड्या शिवायची तीच सुई असणार. सकाळी चप्पल घातली तर पाय टेकवता आला.

अन् पाटोद्याच्या मुक्कामाला तर कमालच झाली. नाथांची दिंडी म्हणल्यावर भारूड आलंच, सोंगं आलीच. एक बाई मधे आली, डोक्याला टोपी, खांद्याला भाकरीची पिशवी आडवी अडकवलेली, हातात अडकित्ता, तो टकटक टकटक वाजवत "चला पंढरपूर, पंढरपूर, मागं सरका, ओ पाव्हणं सुट्टे द्या सुट्टे, एकनाथी भागवत वाचता अन् सुट्टे नाहीत का!" बाया पोट धरून हसायल्या. बोट जिभेला लावून तिकिटाचं पान उलटायची लकब, डाव्या कानाच्या मागं पेन, वाकून खिडकीतून थुंकणाऱ्याला झापणं, सगळा मीच हो! हे सोंग आमच्या मंडळीनं काढलेलं, दर वर्षी तीच करायची, अन् आता तिच्या जागी ही दुसरी. माझ्या गाडीत ती बसली कधी, तर लग्नानंतर नव्यानं गेवराईपर्यंत, अन् मी लाजून तिच्याकडं बघितलं पण नव्हतं. तिनं मात्र सगळं टिपलं होतं. हसता हसता माझ्या डोळ्याला धार लागली तर ती सोंगवाली बाई तशीच टकटक करत आली, म्हणली "मामा, तुमचं तिकीट?"

नातीला रात्री व्हिडिओ कॉल करून सांगितलं तर ती म्हणली, आजोबा, आजी आम्हाला पण करून दाखवायची, तुम्ही आलात की थांबायची. म्हणजे घरात सगळ्यांना माहीत, मी सोडून.

2023 च्या मार्चपासून बायांना एसटीत अर्धं तिकीट झालं, तर ही म्हणायची, "सरकारनी माझी किंमत निम्मी केली." हे पण त्या बायांनीच सांगितलं.

पुढं खर्डा, परांडा, मग अरणला सावता माळी महाराजांचं दर्शन. पावसानं एकदाचं धरलं, चिखलात चप्पल हातात घेऊन चाललो. पंढरपुरात दर्शनबारी बघितली अन् कळसाला हात जोडले, बास. ही पण कळसदर्शनच घ्यायची म्हणे, अन् वाचलेल्या वेळात नातवंडांना बांगड्या, चुरमुरे, बत्तासे घ्यायला जायची. मीही बांगड्या घेतल्या, माप चुकलं, नात म्हणली आजीला बरोबर माहीत होतं.

आता घरात भांडण चालू आहे. सूनबाई म्हणतात पुढल्या वर्षी मी जाणार, मामा तुम्ही पोरांच्या शाळेचं अन् म्हशीचं बघा. मी म्हणलं भिशी माझ्या नावावर चढलीय. मुलगा म्हणतो दोघंही जा, मी काय उपाशी मरत नाही, पण त्याला साधा चहा जमत नाही हे सगळ्या गावाला माहिती हाय.