ओडोमीटर, नोंद ७ : लाल चिंधी आणि साठ दात

गाडीच्या चाकाचे फेरे मोजून अंतर सांगणाऱ्या जुन्या लाकडी ओडोमीटरचं मॉडेल करतोय. त्याच्या चाकांचे दात कापण्याआधी एकदा विल्यम क्लेटनसारखं फेरे स्वतः मोजून पाहीन, असं मागच्या नोंदीत म्हटलं होतं. रविवारी पाहिलं. सायकलच्या स्पोकला लाल चिंधी बांधली आणि सायकल हातात धरून कॅनॉलच्या रस्त्याने चालत निघालो. चाकाचा परीघ २०७ सेंटिमीटर, म्हणजे मैलाला साधारण ७७७ फेरे. ३१२ वर एका ओळखीच्या गृहस्थांनी विचारलं, "पंक्चर का?" "नाही हो" म्हणेपर्यंत आकडा गेला. पुन्हा एकपासून.

क्लेटनने ८ मे १८४७ रोजी अमेरिकेत प्लॅट नदीकाठी हे दिवसभर केलं. तो ज्यात होता त्या ब्रिघम यंगच्या पहिल्या मॉर्मन (एक ख्रिस्ती पंथ) तांड्यात, पश्चिमेकडे जाताना, रोजची चाल किती झाली ते अंदाजानेच ठरायचं. क्लेटनच्या गाडीच्या चाकाचा परीघ १४ फूट ८ इंच, म्हणजे मैलाला बरोबर ३६० फेरे (गुणून बघा, बाकी शून्य). संध्याकाळपर्यंत ४०७० भरले. सव्वा अकरा मैल, वर २० फेरे. माझा एक मैलही झाला नाही.

छत घातलेल्या गाडीत कुटुंब ऐटीत बसलंय, हे चित्र मॉडेल करताना आधी पुसायला लागतं. आत पीठ, बियाणं, अवजारं, स्प्रिंग नाहीत, धडधाकट माणसं चालत, बैल हाकणारासुद्धा. १८५६ पासूनच्या हातगाड्या तर माणसंच ओढत, माणशी १७ पौंड सामान घेऊन. त्यातल्या कित्येक ओल्या लाकडाच्या, कोरड्या हवेत चाकं खिळखिळी झालेल्या. सुतारकाम करणाऱ्याला यापुढे सांगायला नको.

आता यंत्र. आराखडा तांड्यातल्याच ऑर्सन प्रॅटचा, लाकूडकाम ॲपलटन हार्मनचं. तुंब्यावरचा (गाडीच्या चाकाच्या मध्यावरचा) खुंट दर फेऱ्याला दांड्याचा एक हात ढकलतो. हात सहा, म्हणजे सहा फेऱ्यांत दांडा एकदा फिरतो. दांड्यावरचा स्क्रू साठ दातांचं चाक दर वेळी एक दात पुढे फिरवतो. सहा गुणिले साठ, झाला मैल!

माझं साठ दातांचं चाक सागाचं. कोनमापकाने सहा-सहा अंश आखत गेलो, शेवटचा दात काडीएवढा उरला. दुसऱ्यांदा कडेभोवती कागदाची पट्टी गुंडाळली, पट्टीचेच साठ भाग केले, मग जमलं. तीस दातांचं पुढचं चाक अजून कापायचंय.

काल ३६० फेरे हाताने मारले. साठ दातांचं चाक एक दात मागे राहिलं, म्हणजे क्लेटनच्या वाटेवर ८८ फूट. स्क्रू ढिला आहे की मोजताना मीच सहा फेरे खाल्ले, ते येत्या रविवारी.