हकने फाडलेली चिठ्ठी

"तुमच्या त्या अमेरिकन कादंबऱ्यांमधली माणसं, समाजाशी पटलं नाही की सरळ निघून जातात. बरं असतं बाई त्यांचं!" अमेरिकन साहित्य शिकवते म्हटलं की हे ऐकावंच लागतं. परवा तर लग्नाच्या पंगतीत, जिलबी वाढता वाढता विचारणा झाली, "त्यांना 'लोक काय म्हणतील' हे नसतंच का हो?"

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. असतं. चांगलंच असतं.

मार्क ट्वेनचा हकलबरी फिन घ्या. शाळेत असताना मी तो तराफ्यावरची मौज म्हणून वाचला आणि एकतिसावं प्रकरण भराभर उलटलं. खरी झटापट तिथेच आहे, आणि तिथे हकशिवाय कुणीच नाही. तेरा-चौदा वर्षांचा पोरगा आणि एक कागद. मिसिसिपी नदीवरून त्याच्याबरोबर पळालेल्या जिम नावाच्या गुलामाला भामट्यांनी चाळीस डॉलरला विकलंय. हक जिमच्या मालकिणीला चिठ्ठी लिहितो, तुमचा जिम इथे आहे म्हणून. लिहून झाल्यावर पाप धुऊन निघाल्यासारखं हलकं वाटतं त्याला! गुलामाला पळवणं म्हणजे चोरी आणि चोर नरकात जातो, हे त्याच्या अंगात मुरलंय ना. मग एकेक आठवायला लागतं. आपली झोप मोडू नये म्हणून जिम स्वतःची पहाऱ्याची पाळी संपल्यावर आपलीही पाळी जागून काढायचा. हक थरथरत कागद उचलतो, श्वास रोखतो. नरक तर नरक, म्हणतो आणि चिठ्ठी फाडतो.

समाज चुकतोय असं त्याला तेव्हाही वाटत नाही. आपणच वाया गेलेलो, एवढंच वाटतं. मी दरवेळी इथे अडखळते.

(१८८५ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या कॉंकर्डच्या वाचनालयाने हे पुस्तक काढून टाकलं. गुलामगिरी चालवणाऱ्या सरकारला कर देणार नाही म्हणत हेन्री डेव्हिड थोरो हा लेखक १८४६ मध्ये एक रात्र तुरुंगात बसला, ते हेच गाव.)

निघून जाण्याचं म्हणाल, तर हक शेवटी पश्चिमेकडे सटकायचं ठरवतो खरा. पण नॅथॅनियल हॉथॉर्नच्या १८५०च्या 'द स्कार्लेट लेटर' या कादंबरीतली हेस्टर प्रिन? व्यभिचाराची शिक्षा म्हणून छातीवर लाल 'ए' हे इंग्रजी अक्षर वागवणारी. ती मुलीला घेऊन समुद्रापार जाते. सुटली म्हणायची. काही वर्षांनी एकटीच बोस्टनला परतते, किनाऱ्यावरच्या त्याच झोपडीत. आता तिला सक्ती करणारं कुणी नसतं. तरी ते अक्षर ती पुन्हा छातीवर लावते.