कॅन्टीनच्या टीव्हीवर आपोआप फिरणारा स्लाइड शो: माझा अनुभव

अंबड एमआयडीसीतल्या आमच्या कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये ४३ इंची टीव्ही आहे. त्यावर दिवसाचा मेनू, शिफ्टचे बदल, बसच्या वेळा आणि सुरक्षेच्या सूचना सतत फिरत ठेवायच्या होत्या. हे काम तासाभराचं वाटतं, आणि स्लाइड बनवण्यापुरतं ते तेवढंच असतं. खरी परीक्षा वीज जाऊन आल्यावर होते. रिमोटला कुणीही हात न लावता शो परत सुरू झाला, तरच जमलं म्हणायचं.

सुरुवात पेनड्राइव्हने केली. पॉवरपॉइंटमधून सगळ्या स्लाइड जेपीईजी म्हणून काढल्या आणि टीव्हीला लावल्या. टीव्ही फाइली नावातल्या अक्षरांनुसार लावतो, त्यामुळे स्लाइड १ नंतर थेट १०, ११, १२ आणि मग २. नावं ००१, ००२ अशी दिली की क्रम सुधारतो. पॉवरपॉइंटच्या मूळ सेटिंगवर चित्र १२८० बाय ७२० चंच निघतं, म्हणून अक्षरांच्या कडा धूसर दिसतात. पेनड्राइव्ह ३२ जीबीपर्यंतचा घ्यावा आणि फॅट३२ मध्ये फॉरमॅट करावा. त्याहून मोठे बहुधा एक्सफॅटमध्ये येतात आणि बरेच जुने टीव्ही ते वाचत नाहीत.

चित्रांपेक्षा व्हिडिओ बरा. 'एक्सपोर्ट'मध्ये 'क्रिएट अ व्हिडिओ', दर्जा 'फुल एचडी', प्रत्येक स्लाइडला १५ सेकंद. तिथे आधीपासून ५ सेकंद भरलेले असतात; तेवढ्यात पोळीचा तुकडा मोडून मान वर करेपर्यंत स्लाइड गेलेली असते. व्हिडिओ संपून परत सुरू होताना आमचा टीव्ही क्षणभर काळा पडायचा आणि फाइलचं नाव दाखवायचा. १२ स्लाइडचा फेरा तीन मिनिटांचा होतो. तोच २० वेळा जोडून तासाभराचा व्हिडिओ केला, म्हणजे हा प्रकार तासातून एकदाच.

तरी पेनड्राइव्ह टिकला नाही. वीज आली की टीव्ही स्टँडबायवर थांबायचा किंवा होम स्क्रीनवर जाऊन बसायचा. शिवाय मेनू रोज बदलतो, म्हणजे रोज स्टूलावर चढा. मोबाइलवरून कास्ट करण्याचा विचारही करू नये. फोन आला किंवा मोबाइल घेऊन माणूस शॉप फ्लोअरवर गेला की पडदा रिकामा.

शेवटी स्टोअरमध्ये पडून असलेला एक मिनी पीसी टीव्हीच्या मागे बसवला. दीड मीटरची एचडीएमआय केबल पुरली. पीसीत चार गोष्टी केल्या. बायोसमध्ये (विंडोजच्या आधी चालू होणाऱ्या पीसीच्या मूळ सेटिंगमध्ये) वीज परत आल्यावर काय करायचं याचा पर्याय 'पॉवर ऑन'वर ठेवला. मर्यादित अधिकारांचं वेगळं खातं करून त्याचं लॉगिन आपोआप होईल असं केलं. स्लीप आणि स्क्रीन बंद होणं, दोन्ही 'नेव्हर'. आणि स्टार्टअप फोल्डरमध्ये, म्हणजे ज्यातलं सगळं लॉगिन होताच आपोआप चालतं तिथे, छोटी बॅच फाइल (ओळीने आज्ञा लिहिलेली फाइल) टाकली.

ही बॅच फाइल म्हणजे सगळ्या मांडणीचा कणा. शो चालू असताना त्याची फाइल उघडी असते, त्यामुळे तिच्यावर नवी फाइल टाकायला गेलं की विंडोज 'फाइल वापरात आहे' म्हणून अडवतं. म्हणून एचआरवाले नवी पीपीएसएक्स फाइल (उघडताच थेट शो सुरू करणारी पॉवरपॉइंटची फाइल) ऑफिसच्या सामायिक फोल्डरमध्ये ठेवतात. बॅच फाइल नेटवर्क जोडलं जावं म्हणून ३० सेकंद थांबते, ती फाइल पीसीवर उतरवते आणि उतरवलेली प्रत उघडते. नेटवर्क मिळालं नाही तर कालची प्रत चालते. पडदा रिकामा राहण्यापेक्षा शिळा मेनू परवडला. पहिल्या शिफ्टच्या आधी विंडोजचा टास्क शेड्युलर ठरल्या वेळी पीसी रीस्टार्ट करतो, त्यामुळे नवी फाइल रोज आपोआप लागते.

पॉवरपॉइंटमध्ये 'सेट अप स्लाइड शो'त जाऊन 'किऑस्क' निवडायचं, म्हणजे एस्केप दाबेपर्यंत शो फिरत राहतो. इथे हमखास चूक होते. किऑस्कमध्ये क्लिकने स्लाइड पुढे जात नाही. 'ट्रान्झिशन्स'मध्ये 'आफ्टर'समोर १५ सेकंद लिहून 'अप्लाय टू ऑल' केलं नसेल, तर शो पहिल्याच स्लाइडवर अडकतो आणि केबल सैल आहे का म्हणून आपण टीव्ही हलवत बसतो. नवी स्लाइड घातली की तिलाही वेळ दिलाय का ते पाहावं. एक जरी राहिली तरी शो तिथेच थांबतो.

मराठी मजकुराचं दुखणं वेगळं. सुरक्षेच्या जुन्या सूचना श्रीलिपीसारख्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या होत्या. तो फॉन्ट नसलेल्या पीसीवर त्यांची अगम्य इंग्रजी अक्षरं होतात. सगळा मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही पीसीवर मराठीच दिसेल अशा पद्धतीत, बदलून घेतला आणि विंडोजमध्ये असतोच असा निर्मला यूआय फॉन्ट वापरला. अक्षर ४४ पॉइंटच्या खाली नाही, एका स्लाइडवर पाच-सहा ओळी. ओळींमधलं अंतर थोडं वाढवावं, नाहीतर वेलांट्या वरच्या ओळीतल्या उकारांना भिडतात. कडेला पाच टक्के जागा मोकळी सोडली, कारण काही टीव्ही चित्राच्या कडा कापतात. 'पिक्चर साइज'मध्ये 'जस्ट स्कॅन' किंवा 'स्क्रीन फिट' मिळालं तर तेही करावं.

राहिला टीव्ही. तो दुकानातल्या डेमोच्या मोडवर नाही ना, हे पाहावं. त्या मोडमध्ये केलेली सेटिंग पुसली जाऊ शकतात. रिमोट न वापरल्यास चार तासांनी बंद होण्याची सोय बंद केली, स्लीप टायमर आणि इको मोडही. बऱ्याच टीव्हींत लपलेला 'हॉटेल मोड' असतो. त्यात वीज आल्यावर टीव्ही आपोआप सुरू होणं, सुरुवातीचा सोर्स एचडीएमआय १ आणि आवाजाची कमाल मर्यादा ठरवता येते. तिथे पोचायचा कोड कंपनीगणिक वेगळा, म्हणून टीव्ही बसवायला आलेल्या टेक्निशियनकडूनच हे करून घेतलं.

मग चाचणी म्हणून कॅन्टीनचा एमसीबी (वीज तोडणारा स्विच) पाडला, पाच मिनिटांनी उचलला. पीसी टीव्हीच्या आधी जागा झाला आणि पडदा सापडला नाही म्हणून चित्र १०२४ बाय ७६८ वर आलं. पीसीच्या बाजूला एचडीएमआयचा ईडीआयडी एम्युलेटर (टीव्ही बंद असला तरी पडदा जोडलेला आहे असं पीसीला भासवणारा छोटा जोड) लावला, एमसीबी पुन्हा पाडला. दोन मिनिटांत पडद्यावर मेनू होता, फक्त तो मंगळवारचा होता आणि त्या दिवशी बुधवार. एचआरने नवी फाइल टाकलीच नव्हती.