ब्राउनमध्ये मिसळलेला ब्लाँड, नागपूरच्या उन्हात टिकणारा

केसांचा रंग लेव्हलमध्ये मोजतात: 1 म्हणजे काळा, 10 म्हणजे अगदी फिकट ब्लाँड. आपल्याकडे बहुतेकांचे केस लेव्हल 2-3चे, म्हणजे काळे नाहीतर काळपट तपकिरी. ते पार पिवळे होईपर्यंत ब्लीच करायची गरज नाही. लेव्हल 7 पुरे. मुळाकडचे तीन-चार इंच हातच लावू नका. केस वाढले तरी रेघ दिसत नाही आणि दर महिन्याला पार्लर गाठावं लागत नाही.

आधी केसांना मेहंदी लावली होती का ते विचारायचं. पाकिटातल्या काळ्या मेहंदीत धातूचे क्षार असतील तर डेव्हलपर (ब्लीचमध्ये मिसळायचं पेरॉक्साइड) लागताच केस गरम होऊन तुटतात. आतली एक बारीक बट कापून ब्लीच-डेव्हलपरच्या मिश्रणात बुडवा. गरम झाली की बेत रद्द. टोनरची (ब्लीचनंतर छटा सुधारणाऱ्या रंगाची) पॅच टेस्ट 48 तास आधी, कानामागे.

ब्रशने उघड्यावर लावायला 1 भाग ब्लीच पावडरला दीड ते 2 भाग 20 व्हॉल्यूम डेव्हलपर (व्हॉल्यूम म्हणजे त्याची तीव्रता). पाकिटावर वेगळं प्रमाण असेल तर तेच. मिश्रण चक्क्यासारखं घट्ट हवं, पातळ झालं तर ओघळून डाग पडतात. बटेच्या वरच्या भागाला पुसट, टोकांना भरपूर. चेहऱ्यालगतच्या दोन बटा किंचित जास्त उजळ.

एप्रिल-मेमध्ये घात करतो कूलर. वाऱ्याच्या झोतात ब्लीच सुकतं, सुकलं की काम थांबतं आणि केस ठिपकेदार निघतात. झोत दुसरीकडे वळवा, बटांवर क्लिंग फिल्म घाला, दर 5-10 मिनिटांनी थोडं पुसून बघा. पाकिटावरच्या वेळेपुढे जाऊ नका.

धुतल्यावर केस नारिंगी दिसणारच. संत्रानगरी म्हणून नव्हे, काळ्या केसांतला रंग उजळताना याच टप्प्यातून जातो. पर्पल शाम्पू पिवळेपणा मारतो, नारिंगीला निळा लागतो. नारिंगीवर पर्पल वापरला की बाटली उगाच बदनाम होते. टॉवेलने टिपलेल्या केसांवर लेव्हल 7चा बेज टोनर 10 व्हॉल्यूममध्ये, 10 ते 20 मिनिटं, नजर ठेवून. पूर्ण अ‍ॅश, म्हणजे राखाडी छटा, सावळ्या-गव्हाळ चेहऱ्यावर मरगळलेली दिसते, थोडी सोनेरी ऊब राहू द्या.

टोनर साधारण 6-8 आठवड्यांत उतरतो, तेव्हा फक्त तोच परत. ब्लीच चार-सहा महिने नको. बोअरचं पाणी असेल तर पंधरा दिवसांनी एकदा चिलेटिंग (पाण्यातले क्षार केसांतून काढणारा) शाम्पू, नंतर कंडिशनर. गाडीवर निघताना दुपट्टा तोंडाला बांधताच ना, टोकंही आत घ्या.